विसरलेले छोटे विमान

१ फेब्रुवारी १९९१ची संध्याकाळ. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अंधार पडला होता, आकाश स्वच्छ होते. कंट्रोल टॉवरमधल्या नियंत्रक महिलेने दोन प्रोपेलरच्या एका छोट्या मेट्रोलायनर विमानाला सूचना दिली : धावपट्टीवर या आणि थांबा. बारा माणसांचे ते विमान जवळच्याच पामडेलला निघाले होते. धावपट्टीच्या अगदी टोकाला न जाता ते मधल्या एका जोडरस्त्याने, टोकापासून सुमारे २,२०० फूट पुढे, धावपट्टीवर आले आणि उड्डाणाच्या परवानगीची वाट पाहत उभे राहिले.

याच वेळी दुसऱ्या एका विमानाशी तिचा संपर्क तुटला. त्याने चुकून रेडिओची वारंवारिता बदलली होती. ती त्याला पुन्हापुन्हा हाका मारत राहिली. तेवढ्यात आणखी एका मेट्रोलायनरने ‘आम्ही उड्डाणाला तयार आहोत’ असे कळवले. प्रत्येक विमानाच्या नोंदीची एक कागदी पट्टी नियंत्रकाच्या समोर असते. या विमानाची पट्टी समोर नव्हतीच. ती शोधण्यात काही क्षण गेले. याच गडबडीत तिने त्याच धावपट्टीवर ८९ जणांच्या बोइंग ७३७ला उतरण्याची परवानगी दिली. धावपट्टीवर उभे असलेले छोटे विमान तिच्या डोक्यातून निघून गेले होते. टॅक्सीवेवर दिसणारे मेट्रोलायनर तेच आहे, असा तिचा समज झाला होता.

बोइंगची मागची चाके टेकली, नाक खाली येऊ लागले आणि सहवैमानिकाला समोर छोट्या विमानाची शेपटी दिसली. तोवर काही करण्यासारखे उरले नव्हते. छोट्या विमानाला पुढे रेटत बोइंग धावपट्टीबाहेर घसरले आणि वापरात नसलेल्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीवर जाऊन आदळले. छोट्या विमानातले बाराही जण गेले. दोन्ही विमाने धरून मृतांचा आकडा ३५ झाला.

अशा बातमीनंतर पहिला प्रश्न ठरलेला असतो : इतकी मोठी गोष्ट माणूस विसरतोच कसा?

विसरतो. रोज विसरतो. गॅसवर दूध ठेवून माणूस ‘दोन मिनिटांनी बंद करू’ असे ठरवतो, तेवढ्यात दारावरची बेल वाजते आणि पुढचे दृश्य सगळ्या घरांना माहीत आहे. दूध उतू गेले म्हणून कुणी त्या माणसाला मेंदूच्या डॉक्टरकडे नेत नाही. ‘थोड्या वेळाने अमुक करायचे आहे’ ही आठवण माणसाच्या स्मृतीतला सर्वात कच्चा दुवा आहे. झालेल्या गोष्टी आठवायला कुणीतरी विचारतो, काहीतरी दिसते, धागा सापडतो. पुढे करायच्या गोष्टीची आठवण मात्र मेंदूला कुणी न विचारता, नेमक्या क्षणी, आपल्या आपण व्हावी लागते. त्या क्षणी मेंदूची हाताशी असलेली पाटी दुसऱ्या कामाने भरलेली असेल, तर आठवण येतच नाही. ही पाटी फार लहान असते. एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी तिच्यावर मावतात. मध्येच व्यत्यय आला की आधीचे पुसले जाते. आणि पुसले गेले आहे, हेही कळत नाही. विसरणाऱ्याला आपण विसरलो आहोत याची जाणीव नसते, हाच त्यातला खरा धोका.

शस्त्रक्रिया विभागात ही गोष्ट फार पूर्वी, आणि फार किंमत मोजून, मान्य करावी लागली. पोट शिवण्याआधी परिचारिका कापडी गॉझचे तुकडे मोजते, मोठ्याने मोजते आणि फळ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहते. सर्जन कितीही नामांकित असो, त्याच्या ‘मी सगळे काढले आहेत’ या शब्दावर पोट बंद करायचे नसते. त्याच्या प्रामाणिकपणावर कुणाला शंका नसते, तरी मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी यादी आणली, तेव्हा ‘आम्हाला रुग्णाचे नाव विचारायला शिकवता का’ म्हणून नाके मुरडणारे डॉक्टर कमी नव्हते. आठ देशांतल्या आठ शहरांमध्ये ती यादी वापरून पाहिली गेली. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले होते. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. माणूस विसरतो, एवढे गृहीत धरले होते.

लॉस एंजेलिसला त्या संध्याकाळी हे गृहीत धरलेले नव्हते. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार बंद पडलेले होते. टर्मिनलबाहेरच्या प्रखर दिव्यांमुळे टॉवरमधून नेमका तो जोडरस्ता नीट दिसत नव्हता. अंधार, गर्दीची वेळ, आणि एका माणसाची स्मृती. दुसरी कुठली भिंत मध्ये नव्हतीच.

बोइंगच्या वैमानिकांचे काय? ते तर समोरच पाहत होते. इथे डोळ्यांचा प्रश्न येतो आणि छोट्या विमानाची खरी अडचण इथेच आहे. रात्री धावपट्टीच्या मधोमध पांढऱ्या दिव्यांची ओळ असते. त्या ओळीवर उभ्या असलेल्या छोट्या विमानाच्या शेपटीचा दिवा मागून पाहणाऱ्याला त्याच ओळीतला आणखी एक दिवा वाटू शकतो. त्या काळी लखलखणारे प्रखर दिवे उड्डाणाची परवानगी मिळाल्यावरच लावायची पद्धत होती. शिवाय आपला डोळा हालचाल चटकन टिपतो, स्थिर गोष्ट नाही. तुम्ही ज्या वस्तूकडे सरळ रेषेत जात असता, ती नजरेच्या पडद्यावर इकडेतिकडे सरकत नाही. एका जागी ठिपक्यासारखी राहते, बराच वेळ लहानच दिसते आणि अगदी शेवटच्या क्षणी एकदम मोठी होते. मोठ्या विमानाची शेपटी निदान चार मजली इमारतीसारखी उभी असते. मेट्रोलायनरची नसते.

त्याहून मोठा अडथळा अपेक्षेचा. ‘धावपट्टी मोकळी आहे, उतरा’ असे ज्याला सांगितले आहे, त्याचा मेंदू मोकळी धावपट्टीच पाहतो. हे ऐकायला विचित्र वाटते, पण डॉक्टरांनीच त्याचा फार चांगला पुरावा दिला आहे. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना छातीच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितले होते. त्या चित्रांत संशोधकांनी गोरिलाचे एक छोटे चित्र घुसवून ठेवले होते. नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे. २४ पैकी २० जणांना ते दिसले नाही. डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदीवरून कळले की, न दिसलेल्यांपैकी अनेकांची नजर थेट त्या गोरिलावर जाऊन आली होती. डोळे तिथे होते, मेंदू गाठी शोधत होता. एरवी हेच डॉक्टर तांदळाच्या दाण्याएवढी गाठ पकडतात. त्यामुळे ‘वैमानिकाने बघायला नको का’ या प्रश्नाला उत्तर एवढेच की, त्याने पाहिले आणि तरीही त्याला दिसले नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

बोइंगमधल्या मृत्यूंबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण धडकेतून बहुतेक प्रवासी वाचले होते. त्यांना धुराने मारले. कॉकपिटमधल्या प्राणवायूच्या यंत्रणेची मोडतोड झाली आणि त्या प्राणवायूवर आग आणखी भडकली. आसनांचा फोम, प्लॅस्टिक, कापड जळाले की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही तयार होतो. पहिला वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. दुसरा पेशींना मिळालेला प्राणवायूही वापरू देत नाही. दोन्ही एकत्र आले की काही श्वासांतच माणूस गोंधळतो, पाय लटपटतात, समोर दार असूनही ते उघडायचे कसे ते सुचत नाही. जळण्याच्या कितीतरी आधी शुद्ध जाते. पंखावरच्या आपत्कालीन दाराच्या दिशेने निघालेले काही प्रवासी मधल्या मार्गिकेतच रांगेने कोसळलेले सापडले. दाराशेजारी बसलेली एक व्यक्ती भीतीने थिजून गेल्याने ते उघडायला वेळ लागला होता. आपत्कालीन दारापाशी बसणाऱ्याला हवाई सुंदरी ‘गरज पडल्यास मदत कराल का’ असे विचारते, तेव्हा मोबाइलमधून डोके वर न काढता मान हलवणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावे.

या अपघाताचा तपास अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केला. नियंत्रक महिलेची चूक उघड होती, तिनेही ती लपवली नाही. तरी मंडळाने अपघाताचे संभाव्य कारण म्हणून तिचे नाव पुढे केले नाही. एका माणसाची चूक झाली तर ती अडवणारी दुसरी व्यवस्था टॉवरच्या व्यवस्थापनाने ठेवली नव्हती आणि त्यांच्या वरच्या सरकारी यंत्रणेने त्याकडे लक्ष दिले नव्हते, असा निष्कर्ष निघाला. आणखी एक गोष्ट तपासात पुढे आली. काही आठवड्यांपूर्वीच वरिष्ठांनी तिच्या कामाची पाहणी केली होती. विमानांमधल्या अंतराचे भान सुटणे आणि एका विमानाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारणे, अशा त्रुटी त्या पाहणीत नोंदवल्या गेल्या होत्या. नोंद झाली, उपाय झाला नाही. सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही हे वाचून नवल वाटणार नाही.

त्यानंतर अमेरिकेने काही नियम बदलले. रात्रीच्या वेळी मधल्या जोडरस्त्यावरून विमानाला धावपट्टीवर आणून थांबवून ठेवणे बंद झाले. धावपट्टीवर पाऊल टाकताना सगळे दिवे लावा, असे सांगितले जाऊ लागले. पुढे ३५ मोठ्या विमानतळांवर धडकेचा धोका ओळखून इशारा देणारी जमिनीवरची रडार यंत्रणा बसली. २० विमानतळांवर धावपट्टीतच लाल दिवे बसवले गेले. समोरून विमान येत असेल तर ते आपोआप पेटतात. नियंत्रकाने काही आठवण्याची, काही बोलण्याची गरज नाही. वैमानिकाला लाल दिसले की थांबायचे. प्रेशर कुकर आणि दुधाचे भांडे यांत जो फरक, तोच हा. कुकर शिट्टी देतो; दुधावर कुणाला तरी नजर ठेवावी लागते.

लॉस एंजेलिस हा एकटा अपघात असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी १९९०मध्ये, अटलांटाला उतरणारे बोइंग ७२७ धावपट्टीवरून अजून बाहेर न पडलेल्या छोट्या किंग एअरवर आदळले होते. नोव्हेंबर १९९४मध्ये सेंट लुईसला एक छोटे सेस्ना विमान चुकून भलत्याच धावपट्टीवर जाऊन उभे राहिले आणि वेगात निघालेल्या प्रवासी विमानाने त्याला उडवले. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात चार जणांचे सेस्ना सायटेशन चुकीच्या टॅक्सीवेने धावपट्टीवर पोहोचले. वैमानिकाने आपण कुठे आहोत ते सांगितले होते. त्याने वाचलेली जमिनीवरची खूण नियंत्रकाच्या माहितीतच नव्हती. जुने जमिनीवरचे रडार काढलेले, नवे सुरू व्हायचे बाकी. ११८ माणसे मेली. त्यांतले चौघे तर विमानात बसलेच नव्हते, ते सामान हाताळणीच्या इमारतीत काम करत होते.

छोटी विमानेच यात वारंवार का सापडतात, याचे उत्तर वैमानिक कमी हुशार असतात असे नाही. मोठ्या कंपनीचे विमान त्याच विमानतळावर दिवसातून दहादा येते. त्याच्या वैमानिकांना प्रत्येक वळण पाठ असते. खासगी जेटचे वैमानिक आज इथे, उद्या तिथे. छोट्या विमानाला पूर्ण धावपट्टी लागत नाही, म्हणून सोय पाहून त्याला मधूनच आत घेतले जाते. त्याचा वेग वेगळा, त्यामुळे मोठ्या विमानांच्या रांगेत त्याला कुठे बसवायचे हा हिशेब नियंत्रकाला दर वेळी नव्याने करावा लागतो. मोठ्या विमानाच्या पंखामागे हवेचे भोवरे राहतात, त्यांत छोटे विमान उलटू शकते. म्हणून त्याला दोन-तीन मिनिटे थांबवून ठेवायचे. थांबवून ठेवायचे, म्हणजे पुन्हा लक्षात ठेवायचे. गर्दीच्या विमानतळावर छोटे विमान हे नेहमीच अपवाद असते आणि थकलेला मेंदू आधी अपवादच विसरतो.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर एका खासगी जेटला धावपट्टीच्या अलीकडे थांबायला सांगितले होते. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवताना चूक केली, नियंत्रकाने ती दुरुस्तही केली. तरीही जेट धावपट्टीवर शिरलेच. उतरणाऱ्या बोइंगच्या वैमानिकांनी ते पाहिले आणि चाके टेकता टेकता विमान पुन्हा वर उचलले. सकाळची वेळ होती, उजेड होता. त्या चित्रफितीवर जगभर टाळ्या वाजल्या. टाळ्या योग्यच, पण रात्र असती तर काय, हा प्रश्न त्या वाजवताना विचारला गेला नाही.

रात्र होती ती टोकियोच्या हानेडा विमानतळावर. २ जानेवारी २०२४. आदल्या दिवशी नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला होता आणि तटरक्षक दलाचे एक छोटे विमान मदतसाहित्य घेऊन निघाले होते. नियंत्रकाने त्याला थांबण्याच्या जागेपर्यंत यायला सांगितले आणि ‘तुमचा पहिला क्रमांक’ असेही म्हटले. विमानाच्या कप्तानाला वाटले, धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली. विमान धावपट्टीवर येऊन सुमारे ४० सेकंद उभे राहिले आणि ३७९ जणांचे जपान एअरलाइन्सचे विमान त्याच्यावर उतरले. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले. मोठ्या विमानातले सगळे बाहेर पडले, कारण कुणी सामान उचलायला थांबले नाही आणि कर्मचाऱ्यांचा सराव पक्का होता. पुढे काही वेळातच ते विमान पूर्ण जळून गेले.

हानेडाला यंत्रणा नव्हती असे नाही. धावपट्टी अडलेली असताना विमान उतरू लागले तर टॉवरमधल्या पडद्यावर रंग बदलून इशारा येत होता. त्या दिवशीही तो आला. कुणाच्या लक्षात आला नाही. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुठल्याही परिचारिकेला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मॉनिटर दिवसभर पीं-पीं करतात, बहुतेक वेळा वायर सैल झालेली असते, आणि मग खराखुरा इशाराही त्याच गोंगाटात विरून जातो. इशारा देणे आणि इशारा पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपघातानंतर जपानने तो पडदा सतत पाहायला वेगळा माणूस बसवला आणि ‘पहिला क्रमांक’ हे शब्द वापरणे काही काळ थांबवले. ज्याला घाई आहे, त्याला या दोन शब्दांत परवानगी ऐकू येते. आणि घाई त्या विमानाला होतीच. भूकंपग्रस्तांसाठीचे साहित्य त्याच्या पोटात होते.

ही घाई आपल्याकडे आणताना फार लांब जावे लागत नाही. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर दिवसाला नऊशेहून अधिक विमाने चढतात-उतरतात. याच पट्टीवर उद्योगपतींची, नेत्यांची, सिनेमावाल्यांची जेट येतात. आणि तिथेच एअर ॲम्ब्युलन्सही येते. विदर्भातून, मराठवाड्यातून भाजलेला रुग्ण किंवा प्रत्यारोपणासाठीचा अवयव घेऊन येणारे विमान असेच छोटे असते. रस्त्यावर ग्रीन कॉरिडॉर आखून पोलीस चौकाचौकांत उभे राहतात, त्याचे फोटो छापून येतात. धावपट्टीवरच्या त्या विमानाचा विचार त्या फोटोत नसतो.

१४ सप्टेंबर २०२३ रोजी मुसळधार पावसात मुंबईत उतरताना एक लिअरजेट धावपट्टीवरून घसरून मोडले. सुदैवाने आठही जण वाचले. ८ जून २०२४ रोजी याच विमानतळावर एक प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत असतानाच त्याच्या मागे त्याच पट्टीवर दुसरे उतरले. दोन्ही मोठी विमाने होती, दोन्ही वाचली. लागलीच बातमी आली की, संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर करण्यात आले आहे. चौकशी होईपर्यंत दूर ठेवणे समजण्यासारखे आहे. पण लोकांच्या मनात प्रकरण तिथेच मिटते. नळी चुकली, परिचारिका निलंबित. औषध चुकले, निवासी डॉक्टर निलंबित. ती नळी दुसऱ्या नळीसारखीच का दिसते आणि तो डॉक्टर सलग किती तास जागा होता, हे विचारायला कुणी उरत नाही. महिनाभराने तीच चूक दुसऱ्याच्या हातून होते.

२०२४च्या सुरुवातीला केंद्र सरकारने मुंबईत गर्दीच्या वेळेतली तासाची उड्डाणे ४६वरून ४४वर आणली आणि त्या वेळेत खासगी विमानांवर निर्बंध घातले. तेव्हा कारण दिले गेले ते आकाशातली गर्दी, उशीर आणि वाया जाणारे इंधन. निर्णय चांगला होता, पण तो घड्याळासाठी होता. छोटी विमाने दिवसा बंद केली की ती रात्री येतात. आणि रात्र तर त्यांच्यासाठी जास्त धोक्याची. छोट्यांना मोठ्या विमानतळावरून पूर्ण हाकला, असेही काही जण म्हणतात. ते ऐकायला सोपे आहे. पण जुहूची धावपट्टी अशा जेटसाठी पुरेशी नाही आणि मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाला आणणाऱ्या विमानाला दूरच्या गावी उतरवून रस्त्याने पाठवणे कुणालाच पटणार नाही. ती विमाने येणारच आहेत, असे धरूनच व्यवस्था हवी.

तशी व्यवस्था महाग असते, हाही एक गैरसमज. काळोख पडल्यावर मधल्या जोडरस्त्यावरून कुणालाही धावपट्टीवर आणून थांबवायचे नाही, या नियमाला एक रुपया लागत नाही; चार-दोन मिनिटे उशीर लागतो. धावपट्टीच्या तोंडाशी असलेल्या लाल दिव्यांची पट्टी चोवीस तास चालू ठेवणे आणि ती बंद असेल तर तेवढा काळ तो रस्ताच बंद ठेवणे, याला शिस्त लागते. हानेडाला ते लाल दिवे देखभालीसाठी काही दिवस बंद होते. छोट्या विमानांना आणि धावपट्टीवर फिरणाऱ्या जीपनाही आपली जागा पडद्यावर दाखवणारे उपकरण सक्तीचे करणे, याचा खर्च जेट ठेवू शकणाऱ्याला जड नाही. आपोआप पेटणारे लाल दिवे महाग आहेत, हे खरे. पण नव्या टर्मिनलच्या छताला आणि भिंतींवरच्या कलाकृतींना जो पैसा मिळतो, त्याच्या रांगेत हे दिवे कुठे उभे आहेत, ते एकदा प्रवाशांना कळले पाहिजे.

आणि नियंत्रकांची झोप. रात्रपाळीत पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान आणि मेंदूची तरतरी दोन्ही तळाला जातात. कॉफीने फक्त ते जाणवेनासे होते. सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया मद्य घेतलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांतून दिसले आहे. दारू पिऊन टॉवरमध्ये गेलेल्या माणसाची नोकरी जाते. न झोपता गेलेल्याचे कौतुक होते, माणसे कमी असतानाही कामावर आला म्हणून. सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत हे कौतुक रोजचे आहे.

अमेरिकेत १९७६पासून नासा ही संस्था वैमानिक आणि नियंत्रकांकडून त्यांच्या स्वतःच्या चुकांची निवेदने गोळा करते. मुद्दाम नासाकडे हे काम दिले, कारण शिक्षा करण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. सांगणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते. अनवधानाने झालेली चूक वेळेत कळवली तर सहसा शिक्षेतून सूट मिळते. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची अशी लाखो निवेदने आज तिथे जमा आहेत. ‘काल रात्री मी एक विमान विसरलो होतो, तेवढ्यात सहकाऱ्याने हाक मारली’ असे तिथला नियंत्रक लिहून देऊ शकतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकतो. असे वाक्य आपल्या एखाद्या टॉवरमध्ये आज कुणी लिहायचे ठरवले, तर ते कुणाकडे द्यायचे आणि दिल्यावर त्याचे काय होईल, याचे उत्तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आपल्या नियंत्रकांना द्यायला हवे. छापील परिपत्रकात नाही, टॉवरमध्ये जाऊन.